कोल्होबाचा पाय आणि लव्हाळ्याची मुळी

आमच्या लहानपणी दिवसा गोष्ट सांगत नसत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आजी म्हणायची. मला चार मामा होते, त्यामुळे चौघांची काळजी वाहत मी दिवेलागण होण्याची वाट पाहत बसे.

अंबड तालुक्यातलं आमचं गाव गोदावरीपासून कोसभर आत. रब्बीची ज्वारी खळ्यावर येऊन पडली की राखणीला आजोबा आणि त्यांच्या सोबतीला आम्ही पोरं तिथंच निजायला जात असू. आजी भाकरी घेऊन यायची ती तिथंच थांबायची. अंधार दाटला की नदीच्या अंगाला पहिला कोल्हा ओरडे, मग दुसरा, मग सगळं शिवारच ओरडतंय असं वाटे. धाकटा भाऊ आजीच्या पदरात शिरायचा. आजी म्हणायची, "भिऊ नको लेकरा, कोल्होबा हाळी देतोय. मपली गोष्ट सांगा म्हनतोय."

गोष्टीला आणखी एक नियम होता, तो म्हणजे हुंकारीचा. ऐकणाऱ्यांपैकी एकानं प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली, मग कोल्हा वाघाच्या पंजात असो की विहिरीच्या काठावर. आजी तिथंच घोंगडी ओढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी कितीही विनवण्या केल्या तरी गोष्ट मधून सुरू होत नसे, ती पहिल्यापासून सांगावी लागे. आकाशवाणीवर बोलताना मला हीच अडचण वाटते. समोर हूं म्हणायला कुणी नाही.

तर त्या खळ्यावर सगळ्यांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट ही.

एक होतं कोल्हं. लई भुकेलं. नदीच्या काठाला खेकडे खायला गेलं. खेकडा शोधता शोधता पाय पाण्यात गेला, आणि पाण्यात होती सुसर. तिनं गपकन पाय धरला. कोल्ह्याचा जीव घाबरा झाला, पण आवाज बदलला नाही. ते हसायलाच लागलं. म्हणालं, "सुसरबाई, सुसरबाई, लव्हाळ्याची मुळी धरून काय बसलीस? मपला पाय तर हितं हाय!" सुसरीला वाटलं, खरंच की काय. तिनं तोंड उघडलं. कोल्हं पसार.

दुसऱ्या दिवशी सुसर वाळूवर मेल्यागत पडून राहिली. कोल्हं लांबूनच म्हणालं, "मेली वाटतं बिचारी. पन खरं मेलेलं जनावर शेपूट हालवतं म्हने." सुसरीनं शेपूट हलवलं. तिसऱ्या दिवशी ती उंबराखाली पडलेल्या फळांच्या ढिगात लपली. कोल्हं म्हणालं, "चांगली पिकलेली उंबरं वाऱ्यानं हालत्यात." लागलीच ढीग हलला. चौथ्या दिवशी सुसर थेट कोल्ह्याच्या बिळात जाऊन बसली. कोल्ह्यानं वाळूवरचा माग पाहिला आणि हाक दिली, "बिळा रे बिळा, रोज ओ देतोस, आज काहून गप?" बिळातून आवाज आला, "ये ना, ये." कोल्हं जे पळालं, ते पळालंच. "आन् सुसर?" आम्ही विचारायचो. "ती हाय की तिथंच अजून बिळात. वाट पाहतेय."

एवढ्यावर गोष्ट संपायची. आजीनं कधी तात्पर्य सांगितलं नाही.

पुढं मी प्राथमिक शिक्षिका झाले. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, एक पत्र्याची खोली आणि एक झाड. एकदा चैत्रात तिसरी-चौथीला मी हीच गोष्ट सांगितली. पोरं हसून हसून लोळली. आणि मग, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, तात्पर्य : खोटे बोलून फसवू नये. मागच्या ओळीत एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जात, तोही त्यांच्याबरोबर फडावर जाई आणि पाच-सहा महिन्यांनी परत येऊन वर्गात बसे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मंग कोल्ह्यानं पाय तसाच सुसरीच्या तोंडात राहू द्यायचा व्हता का?"

वर्ग पुन्हा हसला. मी त्याला खाली बस म्हटलं. तो बसला. पुढच्या दिवाळीत तो गेला आणि त्यानंतर शाळेत आला नाही. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. आज जे सांगणार आहे ते त्यालाच सांगायला हवं होतं.

आधी कोल्ह्याबद्दल दोन शब्द, कारण या जनावराची ओळखच आपल्या पुस्तकांनी पुसली आहे. मुलांच्या पुस्तकात कोल्ह्याचं चित्र पाहा. तांबडालाल अंग, पांढरी छाती, झुबकेदार शेपटी, तिचं टोक पांढरं. हा युरोपातला लाल कोल्हा. तो जालन्याच्या शिवारात नाही. आपला कोल्हा मातकट सोनेरी रंगाचा, गावठी कुत्र्याच्या अंगलटीचा पण बारीक. त्याच्याहून लहान, मोठ्या कानांचं ते खोकड. इसापाची गोष्ट मराठीत आली तेव्हा तिच्यातल्या जनावराला आपल्याकडचा कोल्हा मिळाला, आणि चित्र मात्र परदेशातलंच राहिलं.

आपला कोल्हा खातो काय? उंदीर, खेकडे, मेलेलं ढोर, बोरं, मका, टरबूज, ऊस. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण काही उगाच झालेली नाही. द्राक्षं आंबट म्हणून तो निघून गेला, ही गोष्ट आमच्या कडवंचीच्या बागाईतदारांपुढं कुणी सांगू नये. तिथं बागा उभ्या करणाऱ्या माणसाला कोल्हा हा पिकलेल्या फळाची पारख असणारा प्राणी म्हणूनच ठाऊक असतो. लांडग्याची ताकद त्याच्यात नाही, बिबट्याची झेप नाही. तो रानात राहतो, पण गावाच्या कडेकडेनं. माणसाच्या इतक्या जवळ की सगळं दिसावं, आणि इतक्या लांब की दगड लागू नये. जगभर ज्या जनावरांच्या चतुराईच्या गोष्टी झाल्या, ती बहुतेक अशीच. आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत कोल्हा, पश्चिम आफ्रिकेत कोळी, तिथून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांच्या तोंडी ससा. अंगात बळ नाही, पोटात भूक, आणि जवळ हत्यार एकच, ते म्हणजे बोलणं.

ही गोष्ट किती जुनी, असं मला विचारतात. आजीच्या गोष्टीचं वय कुणाला सांगता येणार? पण आमच्या जिल्ह्याशी जोडलेला एक धागा आहे, तो सांगते. भोकरदन हे आज तालुक्याचं गाव, केळना नदीच्या काठचं. सातवाहन काळात त्याचं नाव भोगवर्धन. व्यापारी मार्गावरचं भरभराटीचं नगर होतं. १९७०च्या दशकात तिथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची कोरीव स्त्रीमूर्ती मिळाली, तशीच इटलीतल्या पाँपेईतही मिळालेली आहे. ही माहिती आमच्याकडे पुष्कळांना असते. त्यापेक्षा कमी लोकांना हे ठाऊक आहे, की मध्य प्रदेशातल्या सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरील लेखांत भोगवर्धनच्या माणसांच्या दानाच्या नोंदी आहेत. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भोकरदनच्या लोकांनी त्या दगडी कठड्यांसाठी पैसे दिले.

आणि भरहुतच्या कठड्यावर काय कोरलं आहे? जातककथा, त्यांच्या नावांसकट. त्यातल्या एका शिल्पाखाली 'उद जातक' असं लिहिलं आहे. उद म्हणजे पाणमांजर. दोन पाणमांजरांनी मिळून एक मोठा रोहू मासा धरला आणि वाटणीवरून भांडू लागली. तिथून एक कोल्हा चालला होता. पालीतल्या कथेत त्याचं नावच मायावी. तो न्याय करायला बसला. एकाला शेपूट दिलं, दुसऱ्याला डोकं दिलं, आणि मधला सगळा मासा न्यायाधीशाचा म्हणून तोंडात धरून घरी बायकोकडे नेला. बायकोला ताज्या रोहूचे डोहाळे लागले होते.

आमच्या भागातल्या बांधाच्या भांडणात तारखांवर तारखा घेतलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहा. तो हसेलच. फक्त त्या हसण्यात थोडं पाणी असेल.

भोकरदनच्या माणसांनी हेच शिल्प पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्यांनी ज्या कठड्याला पैसे दिले त्यावर बुद्धाच्या जन्मकथांबरोबर हा लबाड कोल्हाही मानानं बसला होता, आणि तो कुणाला खटकला नाही.

मग तो खटकायला कधी लागला? आमच्या अंबड तालुक्याच्या वरच्या अंगाला गोदावरीवरच पैठण आहे, जुनं प्रतिष्ठान. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्यानं 'बृहत्कथा' पैशाची भाषेत रचली, अशी परंपरा सांगते. राजानं ती भाषा ओबडधोबड म्हणून ग्रंथ नाकारला, तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन बसला आणि एकेक पान जनावरांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरं चरणं सोडून ऐकत बसली, असं ती आख्यायिका म्हणते. आमच्या गोदाकाठच्या गोष्टींना पहिले श्रोते जनावरांचे मिळाले, हे मला फार आवडतं. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात त्या परंपरेच्या कथा आहेत आणि पंचतंत्राच्या गोष्टीही आहेत.

पंचतंत्रातला कोल्हा मात्र आजीच्या कोल्ह्याहून निराळा. करटक आणि दमनक हे सिंहाच्या दरबारातले कोल्हे. दमनक सिंह आणि संजीवक बैलाच्या मैत्रीत विष कालवतो, बैल मारला जातो आणि दमनक प्रधानकी मिळवतो. हा भुकेला कोल्हा नाही, हा नोकरीतला कोल्हा आहे. तिथला दुसरा कोल्हा नीळाच्या पिपात पडून निळा होतो आणि राजा बनतो. पण रात्री जातभाई ओरडले की त्यालाही राहवत नाही. तो ओरडतो आणि मारला जातो. लहानानं मोठ्याचं सोंग घेतलं की त्याचं काय होतं, हे राजपुत्रांना शिकवण्यासाठी लिहिलेली ही गोष्ट आहे. आजीनं ही गोष्ट कधी सांगितली नाही. तिला ती ठाऊक नव्हती की आवडत नव्हती, हे विचारायचं राहून गेलं.

पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकानं ते अरबीत आणलं. करटक-दमनकांची नावं तिथं कलीला आणि दिम्ना अशी झाली. पण एक गोष्ट या अरबी लेखकाला पचली नाही. एवढं कपट करून दिम्ना सुटतो कसा? त्यानं स्वतःच्या पदरचं एक नवं प्रकरण घातलं. दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला मरणाची शिक्षा होते. हे मी वाचलं तेव्हा मला माझा खडू आठवला. फळ्यावर तात्पर्य लिहिणारी मी पहिली नव्हते, माझ्या आधी साडेबाराशे वर्षं एकजण होऊन गेला होता.

मराठीत हे काम शाळेनं केलं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' १८२८ साली मुंबईत निघाली. मोठं काम होतं, तेव्हाच्या मुलांना वाचायला गद्य पुस्तक मिळणं हेच नवलाचं. पण तेव्हापासून गोष्ट म्हणजे नीतिकथा, आणि नीतिकथा म्हणजे शेवटी तात्पर्य, ही सांगड आपल्या डोक्यात पक्की बसली. तात्पर्य नसलेली गोष्ट अर्धवट वाटू लागली. आजीची गोष्ट घरात, अंधारात राहिली आणि शाळेत उजेडाची गोष्ट आली.

असं फक्त आपल्याकडेच झालं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपमध्ये, १६५२पासून डच लोक वस्तीला आले. युरोपात लबाड कोल्ह्याची, रेनार्डची, मोठी परंपरा होती. डच भाषेत तेराव्या शतकातलं त्याच्यावरचं काव्य आहे. पण केपमध्ये गोष्टीतला तो लाल कोल्हा नव्हता, लांडगाही नव्हता. तिथं होता काळ्या पाठीचा कोल्हा आणि तरस. वसाहतवाल्यांनी तरसालाच 'लांडगा' म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे गोष्ट इथल्या जनावरात आली आणि चित्र परकं राहिलं, तिकडे जनावर तिथलं आणि नाव परकं. तिथल्या खोईखोई गुराख्यांकडे त्यांचा स्वतःचा कोल्हा आधीपासून होता, सिंहाला फसवणारा. पुढं त्यांची जमीन गेली, गुरं गेली, आणि ते गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी चाकरीला लागले. दोन्ही कोल्हे तिथं एकमेकांत मिसळले आणि आफ्रिकान्स भाषेत 'कोल्हा आणि लांडगा' अशा मुलांच्या गोष्टींची मोठी माळ तयार झाली. कोल्हा रस्त्यात मेल्यासारखा पडतो, मासेवाला कातडं मिळालं म्हणून त्याला गाडीत टाकतो, आणि कोल्हा मागच्या मागे एकेक मासा खाली टाकत जातो. लांडगा तीच युक्ती करायला जातो आणि मार खातो.

आणि एक गोष्ट अशी. कोल्हा बिळात शिरताना सिंह त्याची शेपटी धरतो. कोल्हा आतून म्हणतो, अहो, ही शेपटी नाही, झाडाची मुळी धरलीत तुम्ही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. आमच्या खळ्यावरची लव्हाळ्याची मुळी तिथंही होती. ही युक्ती तिथं कशी गेली, का दोन्हीकडे वेगवेगळी सुचली, यावर विद्वानांनी वाद घालावा. मला एवढंच दिसलं, की ज्याचा पाय दुसऱ्याच्या तोंडात असतो त्याला ती सुचते. ऊन असताना पाऊस पडला की आपण कोल्ह्याचं लग्न लागलं म्हणतो. आफ्रिकान्समध्येही तेच म्हणतात, फक्त तिकडचा कोल्हा लांडग्याच्या बायकोशी लग्न लावतो. तिथंही फसवाफसवी सोडत नाही.

या दोन मुलखांचा कागदोपत्रीही एक संबंध आहे. विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं केपमधल्या खोईखोईंच्या गोष्टी १८६४ साली पुस्तकरूपानं छापल्या आणि पुस्तकाच्या नावातच रेनार्डला आणलं. चार वर्षांनी, १८६८ मध्ये, मेरी फ्रीअरचं 'ओल्ड डेक्कन डेज' निघालं. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांची मुलगी. १८६५-६६च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिच्या आयेनं, ॲना लिबेराता डिसूझा हिनं, तिला या गोष्टी सांगितल्या. ॲनाला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. त्या पुस्तकात आमची सुसर आहे, खेकडे आहेत, लव्हाळ्याची मुळीसुद्धा आहे. पुढं १८७७ मध्ये हेच बार्टल फ्रीअर गव्हर्नर म्हणून केपला गेले आणि १८७९ साली झुलूंच्या राज्यावर त्यांनी लढाई लादली. सुसरीच्या घरातच कोल्ह्याच्या गोष्टी जपून ठेवल्या गेल्या म्हणायच्या.

आता पालक मला जे विचारतात तिकडे येते. अशा गोष्टी ऐकून मुलं लबाड होणार नाहीत का? प्रश्न रास्त आहे. मी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर भागांतल्या म्हाताऱ्या बायांकडून गोष्टी उतरवून घेत आले, आधी वहीत, मग टेपवर, आता मोबाइलवर. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कोल्होबा नेहमी जिंकत नाही. सुसर, वाघ, पाटलाची कुत्री यांच्यापुढं तो जिंकतो. पण उंटाची गोष्ट घ्या. कोल्हा उंटाच्या पाठीवर बसून नदीपलीकडं ऊस खायला जातो. याचं पोट लहान, लवकर भरतं. मग हा कुई करायला लागतो. शेतकरी धावत येतो, कोल्हा उसात लपतो आणि मार उंट खातो. "असं का केलंस?" तर म्हणे, "जेवल्यावर ओरडायची मला सवय आहे." परत येताना नदीच्या मध्यावर उंट म्हणतो, "जेवल्यावर लोळायची मला सवय आहे." ज्यानं पाठीवर घेतलं त्यालाच फसवलं, की कोल्होबा बुडालाच. हा हिशोब म्हाताऱ्या सांगत नाहीत, पण चुकवतही नाहीत. मुलांना तो न सांगता कळतो. सुसरीला फसवलं तेव्हा वर्ग टाळ्या वाजवतो, उंटाला फसवलं तेव्हा वर्गात एक 'अरे' असा आवाज येतो. मी पुष्कळ वेळा ऐकला आहे.

या सगळ्यांत मला मोठी वाटते ती वाघाची गोष्ट. पिंजऱ्यातल्या वाघाला एक भाबडा ब्राह्मण सोडवतो, वाघ त्यालाच खायला उठतो. झाड, रस्ता, म्हैस, ज्याला विचारावं तो म्हणतो, खाऊ दे, जगाची रीतच अशी. शेवटी येतो कोल्हा. तो युक्ती करत नाही, तो फक्त वेडा होतो. "थांबा थांबा, माझ्या टाळक्यात शिरंना. पिंजऱ्यात तुम्ही होतात की हे बामनकाका? का पिंजरा वाघात होता?" वाघ चिडतो, समजावतो, पुन्हा समजावतो, आणि शेवटी, "अरे मूर्खा, मी असा होतो," म्हणून पिंजऱ्यात शिरून दाखवतो. कडी लागते.

वेड घेऊन पेडगावला जाणं, याला म्हणतात. ही गोष्ट मला घनसावंगी तालुक्यातल्या एका बाईनं सांगितली. ती वीसेक हंगाम फडावर राहिलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम दिवाळीआधी उचल देतो, आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा उचल फिटलेली नसते. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "मुकादम हिशोब सांगतो तव्हा आमी बी असंच करतो बाई. समजलं न्हाई, पुन्यांदा सांगा म्हनायचं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचाच आकडा चुकतो." आणि हसली. सुसरबाई तुझी पाठ मऊ, ही म्हण ज्यानं केली तो सुसरीच्या पाठीवर बसलेला असणार, काठावर नव्हे. मऊ म्हणावंच लागतं. त्या मुलानं मला तेच विचारलं होतं, आणि मला वाटलं तो उद्धटपणा करतोय.

आज आमच्या भागात कोल्हेकुई कमी झाली आहे. माळ नांगरले गेले, ओढ्याकाठची झुडपं गेली. खळंही उरलं नाही, मळणी यंत्र शेतातच येतं. पण गोष्टी अगदीच संपल्या असं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं शाळेतून गळू नयेत म्हणून आता गावात हंगामी वसतिगृह चालतं. मुलं आजी-आजोबांपाशी मागे राहतात, दोन वेळचं जेवण शाळेत होतं. आईबाप मात्र सहा महिने नाहीत, आणि अगदी धाकटं लेकरू असेल तर ते त्यांच्याबरोबर फडावर, कोपीत.

मागच्या मार्गशीर्षात अशाच एका ठिकाणी मी संध्याकाळी गोष्टी ऐकायला गेले होते. चौथीतल्या एका मुलीचं जेवण झालं, तसा तिच्या आजीचा फोन वाजला. आईचा होता, कोल्हापूरकडून. दोन मिनिटं काय खाल्लं, काय नेसली झालं. मग आई म्हणाली, हा झोपत नाही, याला काही तरी सांग. हा म्हणजे चार वर्षांचा भाऊ. मुलीनं फोन दोन्ही हातांनी धरला, भिंतीकडं तोंड केलं आणि सुरू केलं, "एक होतं कोल्हं." पलीकडून, थोड्या उशिरानं, बारीक आवाज आला, "हूं." "लई भुकेलं." "हूं." फोनमध्ये मागे कुठं तरी बैलांच्या घंटा वाजत होत्या. खेकडे झाले, पाणी झालं, सुसरीनं पाय धरला. मुलगी थांबली. वाट पाहिली. पुन्हा म्हणाली, "सुसरीनं पाय धरला." पलीकडे काहीच नाही.

"झोपला," ती आजीला म्हणाली, आणि फोन तिच्या हातात दिला.

"आता कोल्ह्याचं काय?" मी विचारलं.

"राहू द्या की," ती म्हणाली, "उद्या पैल्यापासून सांगीन."